दुसरा प्रश्न

तिला टिल्लूची आई म्हणायचं. दुसरं काही म्हटलेलं तिला चालत नाही आणि या गोष्टीतही चालणार नाही. आईबापांनी ठेवलेलं एक नाव तिला होतं, ते कुठल्यातरी कागदावर असेल. पण त्या नावानं हाक मारली तर ती मागं वळूनसुद्धा बघायची नाही. पोरगं जन्मलं तेव्हा मूठभर होतं, नर्सनं तळहातावर घेऊन दाखवलं, म्हणून टिल्लू. पुढं हाच टिल्लू असा ताडमाड वाढला की घराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा आणि रोज चौकटीलाच शिव्या द्यायचा. नाव मात्र टिल्लूच राहिलं, आणि ती टिल्लूची आई.

एका मोठ्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथं गाठोड्यांनी यायचे आणि इस्त्रीच्या घड्या होऊन जायचे. यंत्रांच्या धडधडीत हाक मारायची तर नरड्याच्या शिरा ताणाव्या लागत, आणि तिथल्या बायका एकमेकींना पोरांच्या नावानंच हाक मारत. "जुळ्यांची आई, पाणी सोड!" "बबडीची आई, वाफ अंगावर येतीय, बाजूला हो!" त्या गोंगाटात दिवसातून कितीदा तरी "टिल्लूची आई!" असं कुणी ना कुणी ओरडायचं, आणि ती "आले गं, ओरडतेस काय" म्हणत जायची.

टिल्लू विजेची कामं करायचा. एका चर्चमध्ये पंखे बसवायला गेला आणि पंखे बसवून झाल्यावरही जातच राहिला. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, मी बाप्तिस्मा घेतोय." बापानं पुढ्यातलं ताट सरकवलं आणि उठून गेला. आई म्हणाली, "घे बाबा. पण आधी जेव." बाप्तिस्म्याच्या दिवशी ती चर्चच्या दारात उभी राहून लांबूनच बघून आली. बाप दुकानातून हलला नाही. पुढच्याच वर्षी कामावर जाताना एका वळणावर ट्रकनं टिल्लूला उडवलं. चर्चची माणसं घरी आली, कुठं न्यायचं म्हणून विचारायला लागली. बापाच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तीच म्हणाली, "त्याला जिथं जायला आवडायचं तिथं न्या." चर्चच्या मागच्या दफनभूमीत त्याला ठेवलं.

महिनाभर घरी बसून ती कामावर परतली, तर सगळ्या तिला 'ताई' म्हणायला लागल्या होत्या.

"ताई, बसा हो, मी उचलते गाठोडं." "ताई, चहा घेता ना?" जुळ्यांची आई तिच्यापेक्षा वयानं मोठी, ती पण हिला ताई म्हणायची! ती नसताना मुकादमबाईनं सगळ्यांना जमवून ठरवून टाकलं होतं की आता त्या नावानं हाक मारायची नाही, कशाला उगाच जखमेवर मीठ. आणि त्या गाढवांनी, प्रेमानंच, एकजुटीनं ते पाळलं. एकीचीही जीभ घसरली नाही. आपली जीभ आवरायला एवढी शिकलेली माणसं दुसऱ्या कुठल्या चांगल्या कामाला लागली असती तर जगाचं भलं झालं असतं.

टिल्लूच्या आईला वाटलं, चार दिवसांनी जाईल हे. गेलं नाही. मग ती गाठोडी उचलायच्या ऐवजी आपटायला लागली. बाकीच्या एकमेकींकडं बघून मान हलवायच्या. दुःख आहे बिचारीचं, असं म्हणायच्या. दुःख होतंच, पण गाठोडी आपटली जात होती ती रागानं.

सुटीच्या दिवशी ती दफनभूमीत जाऊन बसायची. टिल्लूच्या उजव्या हाताला माणूसभर जागा रिकामी होती. तिनं तिथल्या माळ्याला विचारलं, ही जागा कुणाची. माळी म्हणाला, "कुणाची नाही अजून. पण ती आपल्या लोकांसाठी असते, बाहेरच्यांना नाही मिळत."

ती तडक फादरच्या खोलीत गेली. फादर म्हणजे टिल्लूपेक्षा थोडासाच मोठा असा एक पोरगेला माणूस. समोरच्याचं दुःख बघून याचाच चेहरा आधी रडवेला व्हायचा.

"मी बाहेरची?" तिनं विचारलं. "नऊ महिने तो कुठं होता मग? तुमच्याकडं?"

"मावशी, नियम असा आहे की—"

"मावशी कुणाची? मी टिल्लूची आई. तुमच्या त्या दगडावर त्याचं नाव घातलंय, त्याच्या शेजारी त्याची आई निजणार. त्याला काय करावं लागतं तेवढं सांगा."

फादरनं सांगितलं, बाप्तिस्मा घ्यावा लागतो. त्याआधी शिकवणीला बसावं लागतं, समजून घ्यावं लागतं, आणि खरोखर वाटलं तरच घ्यायचा असतो. "तुम्ही नुसतं येऊन ऐका," तो म्हणाला. "वाटलं तर पुढं बघू."

"वाटायचं काय ते माझं मी बघते," ती म्हणाली, आणि शिकवणीला जायला लागली, वीज तोडलेल्या घरातलं माणूस वीज कचेरीत जातं त्या तोऱ्यात.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा आणि चाव्या बनवायचा. घराखालच्या जिन्याच्या पोटात त्याचं दुकान, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं एवढं. ती त्याचा डबा घेऊन जिना उतरत होती. खाली एक नवीन गिऱ्हाईक चावी कापून होईपर्यंत गप्पा मारत उभं होतं. कोपऱ्यावरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेला कुणीतरी, तोंडभर हसणारा. त्यानं विचारलं, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

आणि तिचा नवरा मशीनवरून नजर न उचलता म्हणाला, "नाहीत. मूलबाळ नाही आम्हाला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा तिनं जिन्याच्या पायरीवर ठेवला, वर गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून नवऱ्याशी तिनं बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि उठून जायची. त्यानं एकदोनदा "अगं, झालं काय?" विचारलं. झालं काय! वीस वर्षं ज्याला खांद्यावर, सायकलवर, डोक्यावर मिरवलं, त्याला एका वाक्यात पुसून टाकलं आणि वर विचारतोय, झालं काय!

शिकवणी चर्चच्या मागच्या खोलीत भरायची. शिकवणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाकांवर लग्न ठरलेलं एक जोडपं, एक टॅक्सीवाला आणि टिल्लूची आई. जोडपं एकमेकांकडं बघायचं, टॅक्सीवाला पेंगायचा. प्रश्न विचारायची ती एकटी टिल्लूची आई, आणि ते प्रश्न पण असे की मास्तरांनी खडू हातात घट्ट धरावा.

त्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर एक सुबक त्रिकोण काढला. तीन कोपऱ्यांत लिहिलं: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मध्ये लिहिलं: देव. कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत रेघा ओढून प्रत्येकीवर 'आहे' असं लिहिलं, आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर 'नाही'.

"पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे," मास्तर बोट फिरवत म्हणाले. "पण पिता हा पुत्र नाही, पुत्र हा आत्मा नाही, आत्मा हा पिता नाही."

"म्हणजे तीन देव," टिल्लूची आई म्हणाली.

"नाही. एकच."

"तुमच्या शाळेत गणित कोण शिकवायचं?"

टॅक्सीवाला खडबडून जागा झाला. मास्तर हसले. त्यांचं ते हसणं तिला आवडलं नाही. तिथं एक मुलगा जमिनीखाली आणि हे हसतात!

"उदाहरण देतो," मास्तर म्हणाले. "पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एक, रूपं तीन."

"बर्फ झाला की पाणी उरत नाही. आणि वाफ झाली की दोन्ही गेलं. म्हणजे मुलगा आला की बाप संपला, असं म्हणायचंय?"

"नाही, नाही. तिघं एकाच वेळी आहेत. हे उदाहरण चुकीचंच आहे, मी दरवर्षी देतो आणि दरवर्षी ते चुकतं." मास्तरांनी कान खाजवला. "बरं, असं बघा. एकच माणूस घरी नवरा असतो, मुलाचा बाप असतो, कारखान्यात कामगार—"

"म्हणजे एकच जण तीन टोप्या घालून फिरतो? मग मरायच्या आधी मुलगा बागेत गुडघे टेकून बापाला हाका मारत होता असं गेल्या वेळी तुम्हीच सांगितलंत, ते काय स्वतःलाच?"

"बरोबर!" मास्तर एकदम खूष झाले. "म्हणून तेही उदाहरण चालत नाही. बाप वेगळा, मुलगा वेगळा. बोलतात ते खरंच एकमेकांशी. आता नीट ऐका, हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पित्याला पिता कशामुळे म्हणायचं? त्याच्याकडं जग आहे, सत्ता आहे म्हणून नाही. त्याला मुलगा आहे म्हणून. मुलगा नसेल तर तो पिताच नव्हे. तो पिता आहे तो पुत्रामुळेच."

जोडप्यातल्या मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

टिल्लूची आई उभी राहिली.

"मुलगा नाही तर बाप नाही?"

"म्हणजे, अर्थ असा की—"

"अर्थ मला कळतो. रोज कळतोय मला अर्थ. मग मला एवढं सांगा. त्या मुलाला खिळे ठोकून मारला, थडग्यात ठेवला, वर धोंडा लोटला. तेव्हा वर कोण होता? सांगा ना! मुलगा गेला. मग वर जो बसला होता तो कोण? त्याला पण लोक ताई म्हणायला लागले होते का?"

मास्तर वळून फळ्यावरच्या त्रिकोणाकडं बघायला लागले. शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

"येत नाही उत्तर," ती म्हणाली. "फळ्यावर त्रिकोण काढता येतो." तिनं पिशवी उचलली आणि बाहेर पडताना दार असं खेचून आपटलं की मूठ उपटून तिच्या हातात आली. परत आत जाऊन ती देण्यात सगळा राग वाया गेला असता. तिनं मूठ पिशवीत टाकली आणि ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत राहिलेलं सगळं बाहेर आलं. ती आणि बबडीची आई दोन टोकं धरून चादरीची घडी घालत होत्या. बबडीची आई म्हणाली, "ताई, जरा ताणून धरा." टिल्लूच्या आईनं हातातलं टोक सोडून दिलं.

"कोण ताई?"

"अहो—"

"कोण ताई, विचारते! तुझ्या आईला मी झाले का? मी ताई कधी झाले?" तिचा आवाज इस्त्रीच्या रोलरच्या आवाजावर चढला. कुणीतरी यंत्र बंद केलं. "माझं नाव काय? सांगा की! जिभा झडल्या का? एवढी वर्षं बोंबलत होतात, आता काय झालं? तो मेला, मी मेले नाही! मी त्याची आई होते ती काय त्याच्या श्वासावर भाड्यानं होते?"

मुकादमबाई पुढं आली. तिचे डोळे भरलेले. "तुझ्याच भल्यासाठी गं. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"मग होऊ दे ना त्रास! माझा आहे तो! तोपण काढून घेता?"

दुपारी जुळ्यांची आई हिंमत करून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "टि..." आणि पुढं तिच्या घशातून शब्दच येईना, रडूच आलं. टिल्लूच्या आईनं तिला रडू दिलं. समजूत घालायची तिची तयारी नव्हती.

तिकडं घरी दाराची ती मूठ टेबलावर पडली होती. कुलुपवाल्याच्या घरात तुटकी मूठ म्हणजे बोकेबुवांपुढं ठेवलेलं दूध. नवऱ्यानं ती उचलली, उलटीपालटी केली, आतली स्प्रिंग बदलली, पितळ घासून लख्ख केलं. कुठली म्हणून विचारायची सोय नव्हती, कारण ती बोलत नव्हती. पण मुठीच्या मागच्या पत्र्यावर चर्चचा क्रूस कोरलेला होता. पुढच्या शिकवणीला ती बाकावर बसली आणि बघते तो नवरा हत्यारांची पिशवी घेऊन दारात. तिच्याकडं न बघता त्यानं मास्तरांना म्हटलं, "मूठ बसवायची होती," आणि दाराशी उकिडवा बसून कामाला लागला.

पोरगा मेल्यावर तो या चर्चच्या आवारात पहिल्यांदाच आला होता. मातीच्या दिवशीसुद्धा फाटकातच उभा राहिला होता.

मास्तर आज हसले नाहीत. "तुमच्या प्रश्नावर मी आठवडाभर झोपलो नाही," ते टिल्लूच्या आईला म्हणाले. "फादरना विचारलं. त्यांनी पुस्तकं काढली. मी जे सांगितलं होतं ते अर्धंच होतं, आणि अर्धं सांगितलेलं खोट्यापेक्षा वाईट. पुत्रामुळे पिता, हे खरं. पण पिता आधी एकटाच होता आणि मग त्याला मुलगा झाला, असं आम्ही मानत नाही. तो आहे आणि मुलगा नाही, असा क्षण कधी नव्हताच. बापपण त्याला मागून मिळालेलं नाही, की कुणी काढून घ्यावं. मुलगा मेला तो खरंच मेला, थडग्यात गेला. पण मरताना तो मुलगा होता आणि मेल्यावर धोंड्यामागं पडला होता तेव्हाही मुलगाच होता. म्हणून वर जो होता तो बापच होता. त्या दिवसांतही. घटकाभरही दुसरा कुणी झाला नाही."

दारातला स्क्रू फिरायचा आवाज थांबला होता.

टिल्लूची आई मास्तरांकडं बघूनच बोलली, पण आवाज दारापर्यंत जाईल एवढा मोठा ठेवला. "म्हणजे कुणी विचारलं असतं, तुला मूलबाळ किती, तर तो नाही म्हणाला नसता."

"नसता म्हणाला."

"मुलगा मातीत असताना सुद्धा."

"नाही."

"माझं तसं नाही पण. मी आधी नव्हते आई. तो झाला आणि मग झाले."

"हो," मास्तर म्हणाले. "आपण देव नाही. आपल्याला सुरुवात असते. पण एकदा झालात ना? आता ते न झालेलं कुणाला करता येणार आहे?"

मग तिनं फळ्यावरच्या तिसऱ्या कोपऱ्याकडं बोट केलं. "आणि हा? बाप वर, मुलगा खाली, मग हा काय करत होता इतका वेळ?"

"त्या दोघांमधलं प्रेम, असं काही जण म्हणतात. इतकं खरं की तेसुद्धा कुणीतरी आहे. दोघांना धरून ठेवणारं."

"आणि त्या बापाला काय वाटलं तेव्हा?"

मास्तरांनी खडू ठेवून दिला. "यावर मोठमोठ्या माणसांची भांडणं झालीत. मला खरंच माहीत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी गोष्ट माहीत नाही म्हणालात. तुमचं सगळं मला पटत नाही, सांगून ठेवते. पण बाप बापच होता, हे पटलं. तेवढ्यावर चालेल का?"

"पुष्कळ जण सगळं घोकून म्हणतात आणि त्यांना तेवढंही पटलेलं नसतं," मास्तर म्हणाले.

दाराची मूठ बसवून झाली होती. नवऱ्यानं ती दोनदा फिरवून बघितली, पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

घरी ती आधी बोलली. चप्पल काढायच्या आधीच.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग? मूलबाळ नाही आम्हाला, हे कुठून आलं तुमच्या तोंडात?"

त्याचा चेहरा उतरला. तिनं ऐकलं होतं हे त्याला तेव्हा कळलं. खुर्चीत बसून तो बराच वेळ नखातला काळा किस काढत राहिला. "दुसरा प्रश्न येतो गं," तो शेवटी म्हणाला. "मुलं किती म्हणून विचारतात. एक म्हणालो की लगेच, काय करतो? दर वेळी. काय करतो, म्हणे! त्यावर काय सांगू मी? एकदा सांगितलं. हात थरथरला, चावी बाद झाली. त्या माणसाचं तोंड बघवेना. म्हणून पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणून टाकतो."

"होऊ दे ना बाद चावी! होऊ देत शंभर चाव्या बाद! एका प्रश्नाला घाबरून तुम्ही त्याला जन्मालाच घातलं नाहीत!"

तो ताडकन उठला. आता तोही चिडला होता, आणि एक प्रकारे ते बरंच झालं. "आणि तू? तू त्या लोकांत जाऊन बसतेस! त्यांनी त्याला माझ्यापासून नेला, ट्रकच्याही आधी नेला! मी नाही येणार तुझ्या त्या कार्यक्रमाला, आधीच सांगतो!"

"बोलावलंय कुणी!" ती ओरडली, आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी दोन माणसांचे आवाज एकदम ऐकू आले.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. बाप्तिस्मा घेणारा माणूस सगळ्यांसमोर पुढं उभा राहायचा, आणि त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी उठून सांगायचं की हा कोण. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही. ते झाल्यावरच फादर त्या माणसाला बाप्तिस्म्याचे प्रश्न विचारायचा. टिल्लूच्या आईसाठी मुकादमबाई उठणार होती. नवी साडी नेसून, लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांना घेऊन ती आली होती.

पहिल्या बाकावर एक म्हातारी आजी बसायची. कानानं अगदी ठार, आणि चौकशीची हौस मात्र दांडगी. जोडपं उभं राहिलं तेव्हा तिनं मोठ्यानं विचारलं, "लग्न कधी आहे?" टॅक्सीवाल्याचा भाऊ उठून "हा माझा धाकटा भाऊ" म्हणाला, तर तिनं मागं वळून विचारलं, "मग याचं अजून का नाही झालं?" लोक तोंडावर हात धरून हसले. फादरचा चेहरा रडवेला झाला.

मग टिल्लूची आई पुढं गेली. वर टिल्लूनं बसवलेले पंखे फिरत होते. मुकादमबाई उठली.

"या... या आमच्याकडं खूप वर्षं आहेत," ती म्हणाली. "फार कष्टाळू आहेत. स्वभाव जरा कडक आहे, पण मनानं..." टिल्लूची आई तिच्याकडं डोळे वटारून बघत होती. मुकादमबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

फादर घाईघाईनं म्हणाला, "ठीक आहे, चालेल तेवढं—"

"ही माझी बायको आहे."

आवाज सगळ्यात मागून आला होता. दाराशी, खांबाला टेकून, हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच. दुकान उघडून, अर्ध्यात बंद करून आलेला दिसत होता.

"छान," फादर म्हणाला. "पुरे आहे तेवढं."

"पुरे नाही," टिल्लूची आई म्हणाली. मागं वळून तिनं बघितलंही नाही. "नवरा असला की कुणीही बायको असते. मी कोण ते सांगायचंय."

त्यानं पिशवी खाली ठेवली, आणि ठेवताना आतली हत्यारं वाजली.

"ही टिल्लूची आई," तो म्हणाला. "आणि मी... मी टिल्लूचा बाप."

"पुढं ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगा."

"मी टिल्लूचा बाप!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "ही त्याची आई. आम्हाला एक मुलगा आहे!"

हे मात्र पहिल्या बाकावरच्या आजीला ऐकू आलं. ती आनंदानं मागं वळली, चष्मा नीट केला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "हो का? काय करतो?"

फादरनं डोळे मिटून घेतले. टिल्लूच्या आईनं आता मान वळवली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडं सरळ बघितलं. तिच्या नजरेत माया नव्हती. सुटलात तर याद राखा, एवढंच होतं.

त्यानं खांबाला धरलं. दुसरा हात वर केला.

"हे पंखे बसवले त्यानं," तो म्हणाला. "हे सगळे. विजेची कामं करायचा. गेल्या वर्षी ट्रकखाली गेला. इथंच आहे, मागं."

आजीनं पंख्यांकडं वर बघितलं, एकेक करून सगळे बघितले. "चांगले बसवलेत हो," ती म्हणाली. "कधी आवाज केला नाही."

"माझा मुलगा आहे तो," बाप म्हणाला, आणि तिथंच बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागला.

टिल्लूच्या आईनं डोळे पुसले नाहीत. ती फादरकडं वळली.

"हं," ती म्हणाली. "आता विचारा मला काय विचारायचं ते."